सेल्फची खरखर : जुन्या मोटारीच्या एका दुखण्याचे निदान

मोटार ही केवळ धनिकांच्या दारात उभी राहणारी वस्तू होती, तो काळ आता मागे पडला आहे. तालुक्याच्या गावी राहून सात-आठ कोसांवरील शाळेत जाणारे शिक्षक, दोन-तीन गावांचा कार्यभार सांभाळणारे ग्रामसेवक, बाजार समितीच्या कामासाठी वारंवार फिरावे लागणारे पंचायत सदस्य अशा अनेकांच्या दारात आज मोटार दिसते. यांपैकी बहुतेकांची मोटार नवी नसते. पतसंस्थेचे कर्ज काढून किंवा भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी घेतली जाते. शेवटची एस. टी. सायंकाळी निघून गेली की आडगावातील अशी गाडी मालकाची एकट्याची राहत नाही. अडल्यानडल्या वेळी ती साऱ्या वस्तीची होते. तिचे सुरू होणे अथवा न होणे ही म्हणूनच केवळ खाजगी सोयीची बाब नव्हे.

अशा जुन्या गाडीचे जे दुखणे बहुधा सर्वांत आधी कानावर येते, ते म्हणजे सुरू करताना होणारी खरखर. किल्ली फिरवावी आणि एंजिनाच्या नेहमीच्या घरघरीऐवजी लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कर्कश आवाज यावा, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होते आणि आवाज विसरला जातो. तो वाढला की गाडी गॅरेजमध्ये जाते आणि तेथे बहुतेक वेळा एकच उपाय सुचविला जातो : 'सेल्फ गेला, बदलून टाकू.' हा उपाय कधी बरोबर ठरतो, परंतु अनेकदा तो चुकतो आणि चुकला म्हणजे चांगलाच महागात पडतो.

एका प्राथमिक शिक्षकांच्या बाबतीत नेमके हेच घडले. शिक्षक पतसंस्थेच्या कर्जातून त्यांनी चार सिलिंडरची एक जुनी पेट्रोल मोटार घेतली. व्यवहाराच्या दिवशी गाडी एका स्पर्शात सुरू झाली होती. तिसऱ्या आठवड्यात खरखर सुरू झाली. जवळच्या गॅरेजने स्टार्टर काढून त्याजागी दुरुस्त केलेला दुसरा बसविला. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी आवाज परत आला, आणि तो आधीपेक्षा मोठा होता. दुसऱ्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगून जो खर्चाचा अंदाज दिला, तो ऐकून गुरुजी गाडी तशीच घेऊन परत आले. कर्जाचे हप्ते नुकतेच कोठे सुरू झाले होते. अखेर एस. टी. आगारातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे ते गेले. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. त्यांनी विचारले, "गुरुजी, आवाज नेमका केव्हा येतो?" या साध्या प्रश्नाचे उत्तर गुरुजींजवळ नव्हते, आणि आधीच्या दोन्ही गॅरेजांत तो कोणी विचारलाही नव्हता.

हँडलपासून सेल्फपर्यंत

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी स्टार्टरची रचना थोडीशी समजून घेणे इष्ट ठरेल. एंजिन आपले आपण सुरू होऊ शकत नाही. बाहेरून कोणीतरी ते फिरवावे लागते. पूर्वी हे काम हँडल मारून होत असे. एंजिनाने उलटा झटका दिला म्हणजे हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आला आणि हा धोका हळूहळू नाहीसा झाला. आपल्याकडे मात्र अँबॅसडर, फियाट व जीप यांच्या मालकांनी डिकीत हँडल ठेवण्याची पद्धत पुढेही अनेक वर्षे सोडली नव्हती. चालकाने हात न लावता एंजिन फिरवून देणारे साधन म्हणून स्टार्टरला आपल्याकडे 'सेल्फ' हे नाव पडले, आणि गॅरेजच्या भाषेत ते आजही रूढ आहे.

सेल्फ म्हणजे बॅटरीवर चालणारी एक लहानशी पण दांडगी विद्युत मोटर होय. तिच्या दांड्यावर आठ-दहा दातांचे एक छोटे चक्र असते. एंजिनाच्या मागील टोकास फ्लायव्हील नावाचे जड चाक असते व त्याच्या परिघावर शंभराहून अधिक दाते असलेले पोलादी कडे चढविलेले असते. या कड्याला मिस्त्री लोक 'रिंग' म्हणतात. छोटे चक्र पुढे सरकून रिंगमध्ये अडकते, तिला फिरविते आणि एंजिन सुरू होताच मागे सरते. छोटे चक्र दहा-पंधरा वेळा फिरते, तेव्हा रिंगचा एक फेरा पूर्ण होतो. या चक्रास व त्याच्या जोडणीस गॅरेजमध्ये 'बेंडिक्स' म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रचारात आणलेल्या रचनेवरून हे नाव आले. ती रचना आता मोटारींतून जवळजवळ गेली आहे, नाव तेवढे उरले आहे.

आजच्या स्टार्टरच्या पाठीवर सोलेनॉइड नावाची एक नळकांडी असते. किल्ली फिरविताच तिच्यातील विद्युत चुंबक एका दुबेळक्यासारख्या दांडीच्या साहाय्याने बेंडिक्सला रिंगकडे ढकलतो. दाते एकमेकांत बसल्यानंतरच मोटरला पूर्ण विद्युत प्रवाह मिळतो व ती जोराने फिरू लागते. आधी अडकणे, मग फिरणे, हा या साऱ्या कारभाराचा क्रम होय. हा क्रम बिघडला, म्हणजे दाते नीट बसण्यापूर्वीच मोटर फिरू लागली, की दात दातावरून घसरतो आणि खरखर ऐकू येते.

आणखी एक भाग लक्षात ठेवावा लागतो. एंजिन सुरू होताच मिनिटास हजाराच्या आसपास फेरे घेऊ लागते. त्या वेळी बेंडिक्स अडकलेलेच राहिले आणि मोटरही त्याच्याशी घट्ट बांधलेली असली, तर मोटरला मिनिटास दहा-बारा हजार फेरे घ्यावे लागतील व तिच्या तारा उसवून बाहेर येतील. असे होऊ नये म्हणून बेंडिक्समध्ये एकाच दिशेने जोर लावणारा क्लच असतो. सायकलचे पायडल थांबविले तरी मागचे चाक फिरतच राहते, त्याच तत्त्वावर हा क्लच काम करतो.

आवाज केव्हा येतो?

मिस्त्रींच्या प्रश्नाकडे आता वळता येईल. किल्ली फिरविल्यापासून एंजिन स्थिरपणे चालू लागेपर्यंत जेमतेम दोन सेकंद जातात. परंतु या दोन सेकंदांत आवाज कोणत्या क्षणी आला, यावर निदान अवलंबून असते.

किल्ली फिरविल्याबरोबर, एंजिन हलण्यापूर्वीच कर्रर्र असा आवाज आला, तर दाते एकमेकांत बसत नाहीत असे समजावे. बेंडिक्सचे दाते झिजलेले असतील, रिंगचे झिजलेले असतील किंवा स्टार्टर आपल्या जागेवरून हलला असेल. मोटर घुंई करून मोकळीच फिरते आणि एंजिन ढिम्म हलत नाही, असे झाले तर बहुधा बेंडिक्समधील क्लच निसटतो आहे. दात शाबूत असण्याचा संभव अधिक. नुसतीच टकटक ऐकू आली तर तो दातांचा आवाज नव्हेच. बॅटरी उतरली असता किंवा तिची जोडणी सैल असता सोलेनॉइड चुंबकाप्रमाणे धरतो व लगेच सोडतो, त्याची ती टकटक होय. एंजिन फिरते आहे, पण जड जड, आणि सोबत एक खोल गुरगुर आहे, अशी तक्रार असेल तर स्टार्टरच्या आतील बुश झिजून त्याचा फिरता भाग कडेला घासत असावा.

एंजिन सुरू झाल्यावर, किल्ली सोडल्यानंतरही शिटीसारखा तीव्र आवाज राहिला, तर एंजिन तत्काळ बंद करावे. बेंडिक्स मागे सरलेले नाही, असा त्याचा अर्थ. दांड्यावर मळ साचला असेल, सोलेनॉइडमधील तांब्याचे ठोकळे ठिणगीने चिकटले असतील किंवा किल्लीच्या स्विचची स्प्रिंग थकली असेल. एंजिन बंद करूनही स्टार्टर फिरतच राहिला तर विलंब न लावता बॅटरीची ऋण बाजूची तार काढावी, अन्यथा वायरिंग जळण्याचा धोका असतो.

याउलट एंजिन चालू असेपर्यंत सतत येणाऱ्या खरखरीचे खापर सेल्फवर फोडले जाते, ते मात्र अन्यायाचे आहे. एंजिन चालू झाल्यावर निकोप सेल्फ स्वस्थ बसलेला असतो. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लचचे पायडल दाबून पाहावे. दाबताच आवाज थांबला तर गिअरबॉक्समधील बेअरिंगकडे पाहावे. उलट दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचच्या बेअरिंगकडे. पायडलचा काहीच परिणाम होत नसेल तर फ्लायव्हीलवरील पत्र्याचे झाकण वाकून घासत नाही ना, हे आधी बघावे. दोन पैशांच्या पत्र्यापायी अख्खा स्टार्टर बदलला गेल्याची उदाहरणे गॅरेजांत विरळ नाहीत.

मराठी भाषेत आवाजांसाठी इतके शब्द आहेत की एखाद्या अभियंत्याला हेवा वाटावा. खरखर, करकर, घरघर, गुरगुर, टकटक, घुंई हे सारे निरनिराळ्या बिघाडांची नावे म्हणून वापरता येतात. गाडी दाखविताना 'आवाज येतो' एवढेच न सांगता त्याचा शब्द व त्याचा क्षण सांगितला, तर चांगल्या मिस्त्रीचे अर्धे काम झालेले असते.

दोन ठिकाणी झिजणारे कडे

आवाज केव्हा केव्हा येतो आणि केव्हा केव्हा येत नाही, हे गुरुजींच्या गाडीतील मुख्य कोडे होते. मिस्त्रींनी त्यांना वही करण्यास सांगितले. हजेरीपटाची सवय असलेल्या गुरुजींना ते जड गेले नाही. गाडी सुरू केल्याची वेळ, एंजिन थंड की गरम, आवाज आला की नाही, आला तर कोणत्या क्षणी, असे रकाने त्यांनी पाडले. दोन आठवड्यांत चोवीस नोंदी झाल्या. नऊ वेळा आवाज आला होता. थंड एंजिन व गरम एंजिन यांत काही फरक दिसत नव्हता. आवाज प्रत्येक वेळी पहिल्या क्षणीच आला होता.

बेंडिक्सचे दाते झिजलेले असते तर आवाज जवळजवळ प्रत्येक वेळी आला असता, कारण तेच आठ-दहा दाते दर वेळी कामास येतात. बॅटरीचा दोष असता तर तो थंडीत, पहाटेच्या पहिल्या सुरुवातीस अधिक जाणवला असता. कधी येणारा आणि कधी न येणारा, ऋतुमानाशी व वेळेशी संबंध नसलेला आवाज रिंगकडे बोट दाखवितो.

त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. एंजिन बंद केले म्हणजे ते वाटेल तेथे थांबत नाही. कोणत्या ना कोणत्या सिलिंडरमधील दट्ट्या हवा दाबीत वर येत असतो. अखेरच्या क्षणी त्या दाबलेल्या हवेला रेटण्याइतका जोर एंजिनात उरत नाही व ते तेथेच अडते. चार सिलिंडरच्या एंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला हा अडथळा येतो. त्यामुळे असे एंजिन जवळजवळ नेहमी दोनच ठरावीक स्थितींत थांबते. स्टार्टर मात्र आपल्या जागी पक्का असतो. परिणामी वर्षानुवर्षे रिंगचे समोरासमोरचे दोन तुकडेच त्याच्या तोंडी येतात, पहिला आघात त्यांनाच सोसावा लागतो आणि तेवढेच झिजतात. उरलेली रिंग नव्यासारखी राहते. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत अशी ठिकाणे तीन असतात. सहा सिलिंडरच्या एंजिनातही तीनच. दोन्ही ठिकाणांची झीज सारखी नसली की एका बाजूस थांबलेले एंजिन मुकाट्याने सुरू होते आणि दुसऱ्या बाजूस थांबलेले खरखरते. चोवीसात नऊ हा हिशेब येथे जुळतो.

रिंगची ही झीज पाहण्यासाठी गिअरबॉक्स उतरविण्याची गरज नसते. हातगिअरच्या गाडीत एक सोपी चाचणी घरच्या घरी करता येते. खरखर झाली की किल्ली सोडून इग्निशन पूर्ण बंद करावे. गाडी सपाट जागी असल्याची खात्री करून ती वरच्या, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये टाकावी, हातब्रेक सोडावा आणि एकाने आत बसून दुसऱ्याने तिला चार-सहा बोटे पुढे ढकलावे. गिअरमधील गाडी ढकलणे जड जाते, पण इतकी सरकते. एवढ्याने एंजिन सुमारे पाव फेरा फिरते व झिजलेल्या दातांऐवजी कोरे दाते स्टार्टरसमोर येतात. क्षणभर थांबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावी, हातब्रेक लावावा व किल्ली फिरवावी. आवाज नाहीसा झाला, आणि तीन-चार प्रसंगी असाच नाहीसा झाला, तर दोष रिंगचा आहे असे खात्रीने म्हणता येते. उत्साहाच्या भरात गाडी वीतभर ढकलू नये. तेवढ्याने एंजिन अर्धा फेरा फिरून दुसरे झिजलेले ठिकाण समोर येण्याचा संभव असतो आणि चाचणी फसते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत ही युक्ती चालत नाही. तेथे मिस्त्री एंजिनाच्या पुढील पुलीचा बोल्ट पान्याने फिरवून हेच काम करतो.

गुरुजींनी पाच वेळा हा प्रयोग केला. पाचही वेळा आवाज गेला.

नवा स्टार्टर चार दिवस गप्प का होता, याचाही उलगडा यातून झाला. त्याच्या बेंडिक्सचे दाते तीक्ष्ण होते, त्यामुळे त्यांनी झिजलेल्या रिंगवरही काही काळ पकड घेतली. परंतु वाकड्या दातांत वारंवार घुसून त्यांच्याही कडा तुटल्या. झिजलेल्या रिंगवर नवे बेंडिक्स किंवा झिजलेल्या बेंडिक्ससमोर नवी रिंग बसविणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या होत.

बॅटरी आधी, पाना नंतर

तथापि रिंगपर्यंत जाण्यापूर्वी बॅटरी तपासणे अगत्याचे असते. सेल्फ फिरताना पेट्रोल गाडीत साधारणपणे शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह लागतो. डिझेल गाडीत याहून बराच अधिक. म्हणूनच बॅटरीपासून निघणारी तार बोटाएवढी जाड असते. तिच्या टोकावर पांढरट-हिरवा क्षार साचला, अथवा एंजिनापासून सांगाड्यास जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजली, की हा प्रवाह अडतो. सोलेनॉइडला पुरेसा जोर मिळत नाही, बेंडिक्स अर्धवट पुढे येते आणि दातांची टोके टोकांवर घासतात. येथे सारे दाते चांगले असूनही खरखर होते, आणि दुर्लक्ष केल्यास पुढे ते खरोखरच खराब होतात.

पूर्ण भारित बॅटरी गाडी काही तास उभी राहिल्यानंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ च्या आसपास ती अर्धी उतरलेली असते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी अथवा तारा संशयास्पद मानाव्यात. मोजण्याचे साधन नसेल तर रात्री हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे किंचित मंद होऊन खरखर झाली तर दोष दातांचा, दिवे विझल्यासारखे झाले तर विजेचा. टर्मिनल स्वच्छ करण्यास गरम पाणी व खाण्याचा सोडा एवढेच पुरते. तारा काढताना ऋण तार आधी काढावी व बसविताना शेवटी लावावी. हातातील अंगठी किंवा कडे तेवढ्या वेळापुरते उतरवून ठेवलेले बरे.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये व दोन प्रयत्नांत निदान अर्ध्या मिनिटाचे अंतर असावे. ग्रामपंचायतींच्या घंटागाड्यांकडे या दृष्टीने विशेष लक्ष पुरवायला हवे. गल्लीच्या प्रत्येक वळणावर एंजिन बंद करून पुन्हा सुरू करणाऱ्या घंटागाडीचा सेल्फ एका दिवसात जेवढे काम करतो, तेवढे काम घरगुती गाडीचा सेल्फ कित्येक दिवसांत करीत नाही. शासकीय वाहनांच्या लॉगबुकात किलोमीटर व इंधन यांची नोंद काटेकोरपणे होते. सुरू करतानाच्या आवाजाची नोंद करण्यास त्यात जागा नसते. चालक बदलला की आधीच्या चालकाने ऐकलेले त्याच्याबरोबर निघून जाते.

पूर पाहिलेल्या गाड्या

महाराष्ट्रात जुनी गाडी घेणाऱ्यास आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली परिसरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. धुऊन-पुसून, नवी गादी चढवून अशा गाड्या बाजारात येतात व दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जातात. बहुतेक गाड्यांत स्टार्टर एंजिनाच्या खालच्या अंगास, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असतो. पुराचा गाळ त्यात आधी शिरतो व शेवटपर्यंत राहतो. दांड्यावर बसलेला बारीक गाळ सुकला की बेंडिक्स पुढे जाताना अडखळते आणि मागे येताना अडकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिला असता टोकाकडे मातकट रेघ दिसते; स्टेपनीच्या खळग्यात व आसनांच्या रुळांवर गंज आढळतो. या खुणा दिसल्या तर सेल्फची खरखर हे गाडीच्या अनेक दुखण्यांपैकी सर्वांत लहान दुखणे समजावे.

गाळाने अडलेले बेंडिक्स रॉकेलमध्ये भिजवून धुण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती बरोबर नाही. क्लचमध्ये कारखान्यातच भरलेले ग्रीस त्यामुळे निघून जाते व काही महिन्यांत तो निसटू लागतो. दांड्यावर घट्ट ग्रीस थापणेही तितकेच घातक, कारण क्लचची भुकटी व धूळ त्यात चिकटते. कापडाने कोरडे पुसून नाममात्र पातळ वंगण लावणे पुरेसे असते.

गाडी पाहण्यास जाताना ती आधीपासून सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्यास आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून एंजिन थंड असल्याची खात्री करावी. तपासणीच्या अर्ध्या-पाऊण तासात गाडी निदान सात-आठ वेळा बंद करून सुरू करावी. एकदाच सुरू करून समाधान मानणाऱ्यास झिजलेली रिंग कळणारच नाही. गुरुजींनी गाडी घेतली त्या दिवशी ती एकदाच सुरू करण्यात आली होती, आणि नेमकी चांगल्या दातांवर उभी होती.

बोल्टचा शोध

निदान झाल्यावरही मिस्त्रींनी लगेच रिंग बदलण्यास घेतली नाही. दाते झिजले ते का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तितक्या वर्षांची दुसरी कोणतीही गाडी एवढी खरखरत नाही, असे त्यांचे म्हणणे. स्टार्टर खाली उतरविल्यावर उत्तर मिळाले. तो बसविण्याच्या दोन बोल्टांपैकी एक मूळचा नव्हता. पूर्वी केव्हातरी कोणीतरी किंचित बारीक बोल्ट घालून वेळ मारून नेली होती. जोर येताच स्टार्टर केसभर तिरपा होई व दाते सरळ न बसता कोपऱ्याने बसत. आधीच्या गॅरेजने स्टार्टर बदलताना तोच बोल्ट पुन्हा लावला होता. या बोल्टसह नवी रिंग बसविली असती तर वर्ष-दीड वर्षात तिचीही तीच अवस्था झाली असती.

रिंग बदलणे हे दोन दिवसांचे काम. गिअरबॉक्स व क्लच उतरवून फ्लायव्हील बाहेर काढावे लागते. नवी रिंग थंड स्थितीत त्यावर चढत नाही. ती सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापवून, फुगलेली असतानाच जागेवर बसवितात आणि निवताना ती आवळली जाते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार हेच करीत आला आहे. रिंग लालबुंद होईपर्यंत तापविली तर मात्र दातांचे पाणी उतरते, म्हणून मिस्त्रींनी ज्योत एके जागी न धरता सतत फिरती ठेवली. पूर्वी सुटे भाग मिळत नसत तेव्हा तीच रिंग तापवून काढीत व पाव फेरा फिरवून पुन्हा बसवीत, म्हणजे कोरे दाते स्टार्टरसमोर येत. गुरुजींनी खर्च वाचविण्यासाठी तसेच करावे का, असे विचारले. मिस्त्रींनी जुनी रिंग उजेडात धरून पाहिली आणि नकार दिला. तिरप्या बोल्टामुळे एका बाजूच्या दातांच्या मुळाशी बारीक तडे गेले होते. क्लचही झिजत आला होता, तो त्याच वेळी बदलला. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरविण्याची मजुरी त्यामुळे वाचली. बेंडिक्स नवे घातले, आणि दोन्ही बोल्ट मूळ मापाचे.

जुनी रिंग गुरुजींनी मागून घेतली. सातवीच्या वर्गात ती टेबलावर ठेवून त्यांनी मुलांना झिजलेले दाते मोजण्यास सांगितले. एका बाजूस अकरा भरले, त्याच्या बरोबर समोर सात. नोंदवहीत त्यानंतरच्या महिनाभरात एकाच रकान्यात सारखीच अक्षरे आहेत, 'आवाज नाही'. पुढची पाने कोरी आहेत.